मेरेतेच्या गाडीचे पिवळे ब्रेक

पिवळ्या रंगाच्या शेवटच्या डब्यावर दोन हात एकदमच पडले.

एक मेरेतेचा. दुसरा लांब बोटांचा, पावसाने ओला... कुणा अनोळखी तरुणाचा. डेन्मार्कातल्या स्कीव्ह गावी, रंगाच्या त्या दुकानात शनिवारची गर्दी होती, तरी दोघंही डबा सोडेनात.

"आधी मी पाहिलाय," मेरेते म्हणाली.

"पण आधी धरला मी."

"हवाय कशाला तुला?"

त्याने डबा जरा फिरवला, त्यावरची अक्षरं वाचली आणि मग म्हणाला, "ब्रेकचे कॅलिपर रंगवायचेत... गाडीचे."

वाचून मग सांगितलं? मेरेतेच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"मलाही त्यासाठीच हवाय."

"मग वाटून घेऊ! तेवढ्याशा ब्रेकना अख्खा डबा थोडाच लागतो? आधी तुझी गाडी. मी मदतीला येतो. माझं नाव एस्बेन."

त्याचं हसू छान होतं. नको तितकं छान. तिचा साखरपुडा झाला होता तो जेपेही असाच हसायचा... आणि दोन वर्षांनी कळलं, ऑलबोर्गला त्याची आणखी एक वाग्दत्त वधू होती. तेव्हापासून मेरेते छान हसणाऱ्यांकडे जरा बारकाईनेच बघायची.

"ये," ती म्हणाली खरी. "पण डबा माझ्याकडे राहील."

रविवारी तो आला तो सायकलवरून. भुरभुर पावसात, पुढच्या टोपलीत तारेचा ब्रश घेऊन.

"गाडी कुठेय तुझी?"

"घरी."

"आणि घर?"

"तिकडे... बंदराच्या बाजूला."

मेरेतेने पुढे विचारलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

घराशेजारच्या छपराखाली तिची जुनी राखाडी गाडी उभी होती. "हँडब्रेक ओढ जरा," असं सांगून ती जॅक आणायला गेली. परत येऊन बघते तर एस्बेन आत बसून इकडेतिकडे शोधतोय.

"तुझ्या गाडीला हँडब्रेक नाही वाटतं?" तिने विचारलं.

"आहे ना! पण... वेगळ्या जागी."

दुसरी पाल.

पण काम तो मन लावून करायचा. चाकामागचा तो कॅलिपरचा लोखंडी जबडा गंज जाईपर्यंत घासायचा, रबराला आणि चकचकीत तबकडीला चिकटपट्टी लावून झाकायचा. मेरेते त्यावर रंगाचा पातळ हात मारायची. एक हात सुकेपर्यंत दोघं उलट्या बादल्यांवर बसून राईच्या पावावर लिव्हरचं वाटण लावून खायचे.

"नाकाला रंग लागलाय तुझ्या," तो म्हणाला.

"कुठे?"

"थांब, मीच..." त्याचं बोट तिच्या नाकापाशी आलं आणि थबकलं. "नको. माझाच हात जास्त पिवळा आहे."

दोघं हसले. त्या रात्री नाक पुसताना मेरेतेला वाटलं, त्याने पुसलं असतं तरी चाललं असतं... आणि लगेच स्वतःचाच राग आला.

पुढच्या रविवारी मागची चाकं झाली. त्यानंतरच्या बुधवारी ती बेकरीच्या रांगेत उभी होती, तेव्हा काचेबाहेरून एक पांढरी गाडी हळूहळू गेली. स्टिअरिंगवर एस्बेन. शेजारी सोनेरी केसांची बाई, त्याच्याकडे कललेली, तिचा हात त्याच्या हातावर!

हातातला पाव तसाच राहिला. म्हणजे गाडी होती. आणि गाडीत बाईही.

रविवारी तो फाटकातून आत येतो न येतो, तोच तिने विचारलं, "कोण ती?"

"कोण?"

"सोनेरी केसांची! गाडीत तुझा हात धरून बसली होती ती!"

एस्बेन क्षणभर गोंधळला आणि फिस्सकन हसला.

"हसतोस काय?"

"अगं, ती इंगेलीसे... माझी ड्रायव्हिंगची मास्तरीण. हात कसला धरतेय, स्टिअरिंग ओढत होती. मी चर्चच्या भिंतीवरच चाललो होतो."

"तू गाडी शिकतोयस? मग तुझी गाडी?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"गाडी नाही. लायसन्स नाही." आता त्याचं हसू मावळलं. "आईच्या बागेतल्या शेगडीला उष्णतेत टिकणारा रंग हवा होता. तू विचारलंस आणि मी डब्यावर होतं ते वाचून टाकलं. शेगडी म्हणालो असतो, तर तू डबा घेऊन निघून गेली असतीस... पहिल्या रविवारनंतर शिकवणी लावली. म्हटलं, खोटं निदान अर्धं तरी खरं होईल."

मेरेतेला हसू येत होतं, म्हणूनच ती जास्त चिडली. "जेपेपाशीही दरवेळी अशीच गोड कारणं असायची. जा तू."

फाटकापाशी तो वळला. "गुरुवारी शिकवणी आहे. मागच्या सीटवर येऊन बस. काय विचारायचं ते इंगेलीसेलाच विचार. मी मध्ये बोलणार नाही."

खोटं पकडायचंय फक्त, असं स्वतःला बजावत ती गुरुवारी गेली. पांढऱ्या गाडीच्या मागे शिकवणीची पाटी होती. इंगेलीसे साठीची, तोंडात खारट ज्येष्ठमधाची गोळी. केस सोनेरी होते, तेवढं खरं.

"तूच का ती ब्रेकवाली?" तिने आरशातून विचारलं.

मेरेतेचे कान तापले. "काय सांगितलंय याने?"

"काय नाही सांगितलं ते विचार! मला न विचारता माझ्या गाडीची चाकं वाकून बघतो. ब्रेक झकास मारतो हं तुझा एस्बेन. पुढे जायलाच घाबरतो."

'तुझा' हा शब्द कुणीच दुरुस्त केला नाही.

सिग्नलला गाडी थांबली. एस्बेनच्या मानेवर घाम होता. तो वळला. मध्ये बोलायचं नाही हे विसरून...

"मेरेते, मला तू... म्हणजे मला तुझ्याशी पुन्हा कधीच खोटं बोलायचं नाही. फार आवडतेस तू मला."

मागून भोंगे वाजू लागले. इंगेलीसे खिडकीबाहेर बघत निवांत गोळी चघळत होती.

मेरेतेने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तूही मला," ती हळूच म्हणाली. "आता गिअर टाक... हिरवा झालाय."