पोरं पळवणारी बाई

दगड कौलांवर आपटला आणि रुचिराच्या हातातलं पेन गळून पडलं.

"पोरा पळवनारी बाय! भायेर काढा तिला!"

सर्वेश गुरुजींनी वर्गाचं दार लावून घेतलं. "मॅडम, मागच्या दाराने निघा. आणि परत या वाडीत पाऊल टाकू नका."

जिल्ह्यातल्या सरकारी शाळांतली मुलं कितपत वाचतात, याची पाहणी करत रुचिरा या खाडीकाठच्या वाडीत आली होती. रिक्षातून उतरून थेट शाळेत. मुलं मधल्या सुट्टीत पांगलेली. "वाचून झालं की प्रत्येकाला लिमलेटची गोळी देणार," असं ती हसत गुरुजींना म्हणाली होती. 'मुलांना बोलावतो' म्हणून गुरुजी बाहेर गेले आणि एकटेच परतले. पिशवीची चेन उघडायच्या आत हा जमाव चालून आला.

मागच्या दाराने पोलीस पाटील गोदाताई आत शिरली.

"कोन गो तू?"

रुचिराने ओळखपत्र पुढे केलं. "लोक का चिडलेत?"

गोदाताईने मोबाइल दाखवला. वाडीच्या ग्रुपवर पुढे ढकललेला निरोप फिरत होता, मूळ कुणाचा ते कळत नव्हतं : 'सर्वेवाली बाई आली आहे. तिच्या निळ्या पिशवीत लिमलेटच्या गोळ्या आहेत. खाल्ल्या की पोरं बेशुद्ध पडतात.'

"रिक्षावाल्या बाबल्याचं काम असनार," गोदाताई म्हणाली. "त्यानंच तुला आनलान."

बाहेर काच फुटली. रुचिरा भिंतीला चिकटली. पण तिची नजर त्या निरोपावरून हलेना.

"त्याने पिशवी पाहिली, ताई. आतल्या गोळ्या नाही पाहिल्या."

"मग?"

"गोळ्यांचं मी एकाच माणसाला सांगितलं. तोच लगेच बाहेर गेला. आता तोच मला पळून जा म्हणतोय."

गोदाताई सावकाश वळली. "गुरुजी, मोबाइल द्या."

गुरुजी मटकन बाकावर बसले. "सगळी पोरं वाचतात, असं मी वर कळवलं होतं. यांच्या आकड्यांनी उघडा पडलो असतो. वाटलं, घाबरून निघून जातील. लोक दगड उचलतील असं नव्हतं वाटलं, देवाशपथ!"

गोदाताईने पुढचं दार उघडलं आणि सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. गलका हळूहळू ओसरला.

मासळी विकणारी तुळसा पुढे झाली. "म्हंजे आमची पोरा वाचीत न्हाईत?"

तिने आपल्या चौथीतल्या काशीला हाताला धरून रुचिरापुढे उभं केलं. "घे हिची परीक्षा. आमच्यासमोर."

रुचिराने सोप्या वाक्यांचं पान उघडलं. काशीने 'घर' वाचलं. पुढच्या शब्दावर ती अडली, पुन्हा 'घर' म्हणाली आणि रडकुंडीला आली.

तुळसाचा आवाज एकदम खाली आला.

"अजून येळ हाय ना गो, बाय?"