माझ्या बाजूचं घड्याळ

त्या दुपारी मी आप्पांसाठी थर्मासमध्ये दूध आणि रक्तदाबाची गोळी घेऊन स्पर्धेच्या सभागृहाकडे निघाले. त्यात नवीन काही नाही. चौथीत माझी शाळा सुटली तेव्हापासून हेच करतेय. बाप बुद्धिबळातला मोठा माणूस, आई गेलेली, मग थर्मास धरणार कोण? खेळ मात्र त्यांनी मला कधी शिकवला नाही. विचारलं की म्हणायचे, "तुला काय करायचंय? तू घड्याळाला चावी दे." वेळ संपत आली की घड्याळाचा काटा झेंडी उचलतो, आणि झेंडी पडली की डाव गेला, एवढंच मला कळतं.

आप्पा चौऱ्याहत्तरचे. समोर एकोणीस वर्षांचं पोर, धड मिसरूड नाही. पाच वर्षांत आप्पांनी असल्या पोरांपुढे एकही डाव जिंकला नव्हता. सकाळी मी त्यांना बूट घालत होते तेव्हा म्हणाले, "आज हरलो तर मला घरी नेऊ नकोस."

"मग काय भंगारात घालू?"

हसले नाहीत.

मी पोचले तेव्हा पोर चाल शोधत बसलं होतं, म्हणून आप्पा मागच्या खोलीत पाठ टेकायला गेलेले. पडदा ओढलेला. ओल्या भिंतीचा वास. आप्पा पलंगावर, तोंड उघडं.

"आप्पा... दूध."

हात गार. नाकाशी बोट धरलं. मानेवर धरलं. काही नाही.

स्पर्धेचे डॉक्टर जिन्याखालीच बसले होते. मी हाक मारायला धावले, आणि सभागृहाच्या काचेतून आत नजर गेली. आप्पा पटापुढे बसले होते. त्यांनी हत्ती सरकवला, घड्याळाची कळ दाबली, कागदावर चाल लिहिली.

मागे वळून पाहिलं. पलंगावरही आप्पाच.

मी खोलीला बाहेरून कडी घातली आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. आवाज केला असता तर डाव थांबला असता. थांबला असता म्हणजे गेलाच असता.

पंच हात चोळत बाहेर आले. "ताई, त्यांच्या टेबलाशी फार गारठा आहे हो."

"मग पंखा बंद करा."

डॉक्टर वर आले. "जरा रक्तदाब बघतो त्यांचा."

"डाव संपल्यावर बघा."

दोन तास बसले. मधे एकदा पाठीमागे, दाराच्या आत, घशातून आल्यासारखा आवाज आला... माझं नाव असावं.

मी उठले नाही.

मग टाळ्या. डाव संपल्याची खूण म्हणून पंचांनी दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवले. पोर पँटला हात पुसत होतं, पुसतच होतं. आप्पांची खुर्ची रिकामी. कडी काढली. आप्पा तसेच पडलेले, मुठीत चालींचा कागद, खाली सही. जिंकले होते.

डॉक्टरांनी हात लावून पाहिला. "जाऊन अर्धा तासही नसेल झाला. आधी कळलं असतं तर..."

मी थर्मास उचलला.

आप्पा जिंकले, म्हणून घरी आले. आज सकाळी केर काढायला त्यांच्या खोलीत गेले तर जुना पट मांडलेला. पांढरं प्यादं दोन घरं पुढे. काळ्या सोंगट्या माझ्या बाजूला. शेजारी कागद, त्यावर त्यांच्या नावासमोर माझं नाव, त्यांच्याच अक्षरात.

पटाजवळच्या दोन तबकड्यांच्या घड्याळाला मी महिनाभर चावी दिलेली नाही. ते चालतंय, माझ्या बाजूचं. चारदा बंद केलं. चारदा चालू झालं.

चाल केल्याशिवाय कळ दाबता येत नाही. आणि मला खेळता येत नाही.

काट्याने झेंडी उचलली आहे.