एकेचाळीस खात्यांची टिंग

"शिट्टी टेबलावर ठेवा. फोनही. चार वाजता मुख्य कचेरीच्या बाई चौकशीला येताहेत," बँकेचे साहेब शिट्टीकाकांना म्हणाले. दाराआडून भिंगरी सगळं ऐकत होती.

भिंगरी, तिचा चुलतभाऊ मास्तर आणि मास्तरची सात वर्षांची बहीण शेपूट यांची निम्मी सुट्टी तळमजल्यावरच्या या बँकेतच गेली होती. वर घरातला पंखा बिघडलेला आणि इथला गारवा फुकट! दारावर पहारा करणारे शिट्टीकाका त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर बसू देत. त्यांचा फोन मात्र सारखा टिंग टिंग करायचा. 'जाहिराती असतील' म्हणून ते बघतसुद्धा नसत. भिंगरीने मात्र एक गंमत हेरली होती. बाहेरच्या यंत्रातून एखादं म्हातारं माणूस पैसे घेऊन निघालं, की काकांच्या खिशात टिंग! आठवडाभर ती वहीत नोंदी करत होती.

आता मुख्य कचेरीच्या कॉम्प्युटरनेही तेच हेरलं होतं. एकेचाळीस खात्यांना एकच फोन नंबर, आणि तो शिट्टीकाकांचा. लोकांच्या खात्यांचे मेसेज पहारेकऱ्याच्या फोनवर येतात म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं.

"बाळा, मी कुणाला नंबर दिला नाही गं," काका एवढंच म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. अठरा वर्षांत त्यांना ड्यूटीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भिंगरीला रडू आलं, पण घड्याळात तीन वाजले होते आणि रडायला वेळ नव्हता.

तिने वही उघडली. काठीवाले आजोबा, टोपीवाले आजोबा, जाड चष्म्याच्या बाई...

"आणि आपली आजी," शेपूट म्हणाली.

मग काय, आजीला झोपेतून उठवून खाली आणलं. कुरकुरत तिने यंत्रातून शंभर काढले आणि साहेबांच्या टेबलावरचा फोन टिंग करून गप्प झाला. आजीकडे तर फोनच नव्हता. मग खात्याच्या फॉर्मवर नंबर कुणाचा लिहिला, असं मास्तरने वकिली थाटात विचारलं.

"जो लिहायचा होता तो," आजी म्हणाली.

ती तरातरा फॉर्म भरायच्या टेबलाकडे गेली. तिथे दोरीला बांधलेलं पेन होतं आणि काचेखाली नमुन्याचा भरलेला फॉर्म. भिंगरीने काचेवरचं शाईचं पॅड बाजूला सारलं. फोनच्या रकान्यात काकांचाच नंबर!

"बघून बघून लिहिला. एक आकडा चुकवला नाही," आजी ऐटीत म्हणाली. "सही तेवढी माझी केली. मी काय वेडी आहे?"

फोन नसलेल्या सगळ्यांनी तेच केलं होतं. कारकुनाने दिसेल ते कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि कॉम्प्युटर दहा आकडे मोजून खूश!

नमुना हिरव्या शाईत होता आणि हिरव्या शाईचं पेन अख्ख्या बँकेत एकाच खिशात असे. साहेब लगबगीने आले. कागद जुना झालाय, काढून टाकू या, म्हणू लागले. तेवढ्यात शेपूट टुणकन काचेवर जाऊन बसली. गोडीगुलाबी झाली, दटावणी झाली, पण चार वाजेपर्यंत ती ढिम्म हलली नाही.

चौकशीच्या बाई आल्या. त्यांनी नमुना पाहिला, वही पाहिली, साहेबांचा खिसा पाहिला. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसत कबूल केलं, की घाईत कुठला तरी नंबर हवा होता, तेव्हा हजेरीच्या वहीतला पहिला उचलला.

"कॉम्प्युटरने नंबर पकडला, पण चूक या मुलांनी पकडली," बाई म्हणाल्या. "शाबास!" साहेबांनी काकांची माफी मागितली आणि शिट्टी स्वतःच्या हाताने परत दिली. काकांनी ती तिथेच अशी फुंकली, की कारकुनाच्या हातातला चहा सांडला.

एकेचाळीस खाती दुरुस्त झाली. साहेबांनी नवा नमुना केला आणि फोनच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, 'स्वतःचा नंबर लिहा'.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन गप्प होता. अकरा वाजता मात्र शिट्टी वाजली. तिघं धावत गेली. काठीवाले आजोबा जीभ दातांत धरून फॉर्म भरत होते. फोनच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वतःचा नंबर लिहा'.

"बसा रे इथंच," शिट्टीकाका हसत म्हणाले आणि त्यांनी बाक उचलून टेबलापाशी आणून ठेवला.