काठावरून फिरणारं बोट

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या थोरल्या काकूच्या बाबतीत घडली आहे आणि तिचे हात मी स्वतः बघितलेत. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

वेळही रात्रीची नाही. मंगळवार... भर दुपारचे तीन.

जागा म्हणाल तर एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरामागची काचेच्या भांड्यांची खोली. मशीनमधून धुऊन निघालेले ग्लास तिथे पुसायचे, उजेडाला धरून डाग बघायचे आणि शेवटी काठावरून बोट फिरवायचं. टवका उडालेला ग्लास डोळ्यांना चकवतो, बोटाला नाही.

काकूने हे काम सोळा वर्षं केलं. धाकट्या काकूला तिनेच तिथे चिकटवून दिलं आणि तिथेच माशी शिंकली. धाकटीचा हातच तसा होता. तिने पुसलेला ग्लास टेबलावर आहे की नाही, तेच कळायचं नाही. मॅनेजर येता-जाता म्हणायचा, "शिका जरा जावेकडून."

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

मग एक दिवस एका पाहुणीचा ओठ फाटला. टवक्याचा ग्लास.

तो थोरलीच्या हातून गेला होता. घाईत तिने बोटच फिरवलं नव्हतं. प्रत्येक रॅकवर पुसणारीच्या नावाची चिठ्ठी असायची. मॅनेजर आत यायच्या आत थोरलीने दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

मॅनेजरने धाकटीला सगळ्यांसमोर उभं केलं. तोच ग्लास तिच्या हातात दिला.

"फिरव बोट. चांगलं दाबून फिरव."

तिने फिरवलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना..."

थोरली म्हणाली, "मी काय सांगू? चिठ्ठीच बोलतेय."

धाकटीची नोकरी गेली. बोट चिघळलं, ताप अंगात भिनला. तीन आठवड्यांत ती गेली. घरात सगळ्यात मोठ्याने थोरलीच रडली.

तो मंगळवार त्याच्या पुढच्याच आठवड्यातला.

खोलीत थोरली एकटी. मशीन थांबलं. तिने झाकण उचललं, वाफेचा लोट अंगावर आला. ग्लास नेहमीसारखे चटके देत होते...

एक सोडून.

तो थंडगार होता. आणि आतून धुरकटलेला, कुणी आत श्वास सोडावा तसा.

तिने पुसला. तो पुन्हा धुरकटला. निवळला... धुरकटला... निवळला...

श्वास चालू होता.

तेवढ्यात समोरून आवाज आला. चुर्र... चुर्र... कोरड्या काचेवर फडका फिरतो तसा.

समोर धाकटीची जागा. तिथे कुणी नव्हतं. तिचा फडका घडी घालून ठेवलेला.

पळून जाईल तर ती काकू कसली! देवाचं नाव घेत तिने काठावरून बोट फिरवलं. गुळगुळीत. पुढचा, गुळगुळीत. अख्खा रॅक संपला, एकही टवका नाही. हुश्श करून तिने हातातल्या फडक्याकडे बघितलं.

फडका लाल झाला होता.

तर्जनी हाडापर्यंत चिरली होती... आणि तिला काहीही लागलं नव्हतं.

जखम भरली, पण बोट बधिरच राहिलं. डॉक्टर सुई टोचत होते आणि काकू खिडकीबाहेर बघत होती. "नस तर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मधलं बोट गेलं. तसंच.

काकूचा धीर सुटला. ती मॅनेजरकडे गेली. "साहेब, चिठ्ठी मी बदलली होती. तिची काही चूक नव्हती हो."

त्याने मान वर केली नाही. "माहीत आहे. मी दारातच होतो."

"मग... तिला का काढलंत?"

"पाहुणीला दाखवायला एकीला काढायचंच होतं. जुनीला काढलं तर नवीला शिकवणार कोण? जा, संध्याकाळचे ग्लास पडलेत."

तो आजही तिथेच आहे. मजेत आहे.

धाकटीच्या जागी एक नवी बाई आली होती. पहिले दोन दिवस तिच्या ग्लासांवर बोटांचे ठसे राहायचे. चौथ्या दिवशी ग्लास लखलखायला लागले.

"कुणी शिकवलं गं?" काकूने विचारलं.

"त्या ताई शिकवतात की! माझ्या शेजारी उभ्या असतात त्या. फार मायाळू आहेत. एका शब्दाने ओरडत नाहीत."

काकूने हातातला ग्लास खाली ठेवला. "आणखी... काय म्हणते ती?"

"काही नाही, रोज तुमची चौकशी करतात." नवी बाई हसली. "विचारतात, ताईंची किती बोटं उरली?"

काकूने त्याच दिवशी काम सोडलं. उपयोग झाला नाही. जे व्हायचं ते घरी होत राहिलं.

परवा मी भेटायला गेलो होतो. चुलत बहीण एका हाताने आपल्या बाळाचा पाळणा हलवत तिला घास भरवत होती. निघताना काकूने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की माझा हात काळानिळा पडला. मी "सोड" म्हणालो तेव्हा कुठे तिने खाली बघितलं. धरलंय हेच तिला कळलं नव्हतं.

मग तिने डावा अंगठा माझ्यापुढे धरला.

"एवढा एकच राहिलाय रे," ती म्हणाली. "हा संपला की ती काय मागेल?"

मी चपला घालून बाहेर पडलो.

पण तेव्हापासून सारखं मनात येतं... उत्तर काकूला ठाऊक होतं. बोलताना ती पाळण्यातल्या नातवाकडे बघत होती.