बंद खोलीची हवा

भिंगरीच्या खोलीत शिरण्याआधी दाराखालच्या पट्टीकडे बघायचं, असा घराचा नियम होता. टिश्यूपेपरची वीतभर पट्टी दाराच्या फटीशी चिकटवलेली असे. ती बाहेरच्या बाजूला फडफडत असली, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जातेय आणि बाहेरची आत येत नाही. पट्टी लोळागोळा होऊन पडली असेल, तर दाराला हातसुद्धा लावायचा नाही, मग आत आभाळ का कोसळेना.

ही करामत भिंगरीच्या बापाची. तो एसी मेकॅनिक होता. माणसं खोटं बोलतात, हवा बोलत नाही, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. बायको म्हणायची, एवढं हवेशी पटतं तर तिच्याशीच लग्न करायचं होतं.

भिंगरी चार वर्षांची. जन्मतःच तिच्या अंगात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या. आईबापांत प्रत्येकाकडे अर्धा दोष होता, दोघांनाही त्याचा कधी त्रास झाला नव्हता, आणि पोरीच्या वाट्याला नेमके दोन्ही अर्धे आले. शेंबड्या पोराचं नाक चार दिवस गाळून जाणारा विषाणू हिच्या थेट फुप्फुसात उतरला असता. तिच्या आधीचा थोरला मुलगा असाच गेला होता. एक साधी सर्दी, मग खोकला, मग धाप. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताकही फुंकूनच पिणार.

आता मात्र आशा होती. आत्याची अस्थिमज्जा भिंगरीला जुळली होती आणि ती बसवायला रुग्णालयाने तारीख दिली होती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, की तोवर पोरीला शिंकसुद्धा येता कामा नये. सर्दी झाली तर सगळं पुढे ढकलावं लागेल, आणि पुढे ढकलण्याइतका वेळ या पोरीकडे नाही.

बापाने डोळ्यांत तेल घालून खोली बांधली. फटी बुजवल्या, बारीक फिल्टर आणला, पंखा बसवला. प्रश्न एकच उरला, की पंख्याने हवा ओढायची कुठून? जिन्यात शेजारची पोरं खोकत. स्वयंपाकघरात येणंजाणं. रस्त्याकडे धूळ.

भिंतीपलीकडे थोरल्याची खोली होती. तो गेला त्या दिवशी बायकोने तिला कुलूप घातलं, ते घातलंच. माणसाचा विषाणू माणसाशिवाय जगत नाही. जिथे इतकी वर्षं कुणी श्वास घेतला नाही, तिथल्या हवेइतकी स्वच्छ हवा शहरात कुठे मिळणार? बापाचा हिशेब बिनचूक होता. बायको म्हणाली, कुलूप उघडायचं नसेल तर कर. म्हणून त्याने भिंगरीच्या बाजूनेच भिंतीला भोक पाडलं आणि पाइप पलीकडे सरकवला.

पहिले काही दिवस पट्टी छान फडफडली. मग ती थांबून थांबून हलू लागली. वर यायची, खाली बसायची, पुन्हा वर यायची. बापाला वाटलं, वीज कमीजास्त होत असेल. त्याने मीटर लावून पाहिला. वीज ठीक होती. त्याने पंखा बदलला. पट्टी तशीच सावकाश वरखाली होत राहिली.

मग बायको म्हणाली, पोरीच्या खोलीत छातीला चोळायच्या मलमाचा वास येतो. तो म्हणाला, फिल्टर वास अडवत नाही, जुन्या खोलीत राहिला असेल. बोलणं खरंच होतं. तरी तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने विषय वाढवला नाही.

एका सकाळी भिंगरी खोकली. दोन आखूड खोकले, मग मध्ये खंड, मग एक लांब.

बायकोच्या हातातली वाटी तिथेच राहिली. ती म्हणाली, "हा खोकला तिचा नाही."

"खोकला काय कुणाच्या नावावर असतो?" तो म्हणाला. पण तो खोकला त्याने भिंतीपलीकडून कित्येक रात्री ऐकला होता.

नाकातला नमुना तपासायला गेला. डॉक्टरबाईंनी दोघांना बसवून घेतलं. घरात कोण आजारी होतं, कोण आलं गेलं, असं खोदून खोदून विचारलं. कुणीच आलं नव्हतं.

"विषाणूचा हा प्रकार आम्ही कित्येक वर्षांत पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचा पाहिला तो तुमच्या थोरल्याच्या वेळी."

रुग्णवाहिका आली तेव्हा भिंगरी तापाने फणफणली होती. बापाने तिला उचलून खाली नेलं. रोज कडेवर घेतलं की त्याच्या कानात पुटपुटणारी पोर एक शब्द बोलली नाही. गाडीचं दार लागताना तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सोबत एकालाच सोडणार होते, म्हणून बायको गेली.

तो वर आला. बाहेरच्या बटणाने त्याने पंखा बंद केला आणि थोरल्याच्या खोलीचं कुलूप उघडलं.

उन्हं आत आली होती. पलंग, घडी केलेली चादर, सगळ्यावर सारखी धूळ. मलमाचा वास नव्हता. खोली रिकामी होती, अगदी रिकामी, भाडेकरू सोडून गेल्यावर असते तशी. त्याला हायसं वाटलं. उगाच सुतावरून स्वर्ग गाठला आपण.

फोन वाजला. बायको रडत होती, पण आनंदाने. ताप उतरला. खोकला थांबला. डॉक्टरबाईही चकित झाल्या आहेत. तारीख बदलायची गरज नाही म्हणतात.

"स्वतः पेला धरून पाणी प्यायली," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "डाव्या हाताने."

भिंगरी उजव्या हाताची होती. डावखुरा होता तो थोरला.

"अहो, मी कुणाला बोलले नाही," बायको म्हणाली. "तुम्हीही बोलू नका."

त्याने फोन ठेवला. पंखा बंद होता, तरी भिंतीतल्या पाइपच्या तोंडाशी धूळ हलत होती.

तो वाकला. पलीकडे भिंगरीची खोली होती. कुणी नसलेली.

पाइपमधून ऊबदार वारा त्याच्या गालाला लागला, आणि त्यासोबत त्याच्या पोरीचा आवाज आला, अगदी हळू, रुसल्यासारखा.

"बाबा, मला इथेच ठेवून आई कुणाला घेऊन गेली?"