लाल गाडीमागचं घर

"माझं काहीही चुकलेलं नाही. तेवढं सिद्ध करून द्या," उंबऱ्यातूनच ती म्हणाली. तिच्या डाव्या मनगटाला पट्टी होती.

मनीषा देवरेने समोरची खुर्ची दाखवली. पंचवटी कारंज्याजवळच्या त्या दोन खोल्यांत ती खासगी तपासाची कामं करायची. सोबतीला केरूभाऊ आहेर, देवळ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मनीषाची गाडी चालवायची आणि तिला शंका विचारायच्या, ही त्यांची दोन कामं.

"आधी नाव सांगा, मग भांडू," मनीषा म्हणाली.

"खुशनुमा. भद्रकालीतल्या जमील मिस्त्रींची मुलगी. अब्बा गेल्यापासून गॅरेज मीच चालवते."

जमील मिस्त्रींनी भंगारातून एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी केली होती. लाल, दोनच माणसं बसतील अशी, मागच्या चाकांवर पळणारी. जाताना किल्ली त्यांनी मुलीच्या हातात दिली. खुशनुमाने त्या गाडीमागे ओढायला एक छोटी कॅरॅव्हॅन बनवली, म्हणजे चाकांवरचं घरच. येत्या रविवारी नाशिक ते सापुतारा जुन्या गाड्यांची फेरी होती. त्यात ती हे सगळं घेऊन उतरणार होती.

"ताई, रागावू नका," केरूभाऊ म्हणाले, "पण शर्यतीच्या घोड्याला बैलगाडी जुंपल्यागत हाय हे."

"हे वाक्य फेरीच्या समितीवरच्या निकमसाहेबांचं. तुम्हाला ते कुठे भेटले?"

मनीषा हसली. "पुढे सांगा."

"गेल्या रविवारी चाचणी होती. वणीपर्यंत गाडी सरळ रेषेत आली. तिथे पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. निघाल्यावर हातगडच्या अलीकडच्या उतारावर घर एकाएकी झुलायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, मग गाडीलाच ढकलत रस्त्याकडेच्या चारीत घेऊन गेलं. अम्मी शेजारी बसली होती. थोडक्यात वाचलो."

"आता सगळे काय म्हणतात?"

"पोरीची जात, झेपलं नाही. गाडी हलकी, झेपलं नाही. समितीने माझं नाव काढलं. फराज, माझा भाऊ, म्हणतो गाडीवर ताडपत्री टाक." तिने मनीषाकडे रोखून पाहिलं. "मी ती गाडी पुन्हा तिथूनच नेणार आहे. पण काय झालं ते कळल्याशिवाय अम्मीला शेजारी बसवणार नाही."

गॅरेजमध्ये मनीषाने आधी गाडी आणि घर यांमधली जोडणी पाहिली. गोळा, कडी, साखळी सगळं शाबूत होतं. घराचं एक अंग चेपलं होतं, पण चाकं आणि त्यांचा आस ठीक होता.

"कडी तुटलीच नाही तर काय झालं?" केरूभाऊंनी विचारलं.

मनीषा घराच्या आत शिरली. दोन बिछाने आणि विजेची शेगडी. "गॅस नाही?"

"अम्मीला गॅसची धास्ती आहे. म्हणून ठेवलाच नाही," खुशनुमा म्हणाली. "फराजनेच ही शेगडी बसवून दिली."

मागच्या बिछान्याखाली पाण्याची मोठी टाकी होती. भरायचं तोंड बाहेर, मागच्या बाजूला. टाकी रिकामी होती, कुठेही फुटलेली नव्हती. खालची तोटी मात्र सताड उघडी होती.

"ही मी कधीच उघडी ठेवत नाही," खुशनुमा कपाळाला आठ्या घालत म्हणाली. "धूळ जाते. पाणी तर मी सापुताऱ्याला पोचल्यावर भरणार होते."

खुशनुमाची अम्मी आबिदाबी राहत्या घरी पडून होत्या. खांदा दुखत होता, जीभ मात्र ठणठणीत होती.

"वणीपर्यंत मी निकमसाहेबांच्या जीपमध्ये होते. फराजने तसंच ठरवलं होतं. वणीला मी म्हटलं, बस झालं, मला माझ्या नवऱ्याच्या गाडीत बसायचंय. आणि बसले. पण निघताना मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, बेटा. कुणी मागून उचलून धरल्यासारखं."

"नाशिकहून निघताना तसं झालं होतं?"

"छे! भुर्रकन निघाली होती. मी जीपमधून बघितलं ना."

कारभारी निकम, समितीचे प्रमुख, कॉलेज रोडला राहत. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मी तिला आधीच सांगितलं होतं. वणीला चहाच्या टपरीवर तिच्या समोर बसून शेवटपर्यंत तेच सांगत होतो. एक मिनिट उठलो नाही."

"ती ऐकत होती?"

"ऐकते कसली! म्हणाली, साहेब, चहा गार होतोय."

जोडणी वेल्ड करणारा रिझवान आपल्या शेडमध्ये भेटला. तो बिचारा घाबरला होता. "मॅडम, माझी वेल्डिंग सुटली असती तर मी धंदा सोडला असता. मी वणीला नव्हतोच. पुढे जाऊन उतारावर व्हिडिओ काढत थांबलो होतो. हा बघा."

मोबाइलवर लाल गाडी उतार उतरत होती. मागचं घर झुलत होतं. त्याची शेपूट खाली बसली होती, नाक वर. मनीषाने तो दोनदा पाहिला आणि मोबाइल परत केला.

फराज गॅरेजच्या दारात आपली मोटारसायकल पुसत होता. बहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठा, बोलायला मऊ.

"मी वणीला मोटारसायकलमध्ये हवा भरत होतो. हे लोक चहाला गेले होते. नंतर त्यांच्या मागोमाग निघालो."

"अपघातानंतर सगळ्यात आधी तुम्हीच पोचलात?"

"हो. दोघींना बाहेर काढलं. रिझवान धावत आला, त्याने अम्मीला सावलीत नेलं. मग मी मागे गेलो. गॅस सुटला असेल तर भडका उडेल ना, म्हणून बघायला."

"शहाणपणाचं केलंत," मनीषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते हातगडकडे गेले. उताराच्या कडेला कुसाबाई स्ट्रॉबेरी विकत बसल्या होत्या.

"पाहिलं ना म्या," त्या म्हणाल्या. "तो फटफटीवाला पोरगा मागं जाऊन वाकला. त्याच्याबिगर मागं कोनी गेलं नाय. मंग चारीत लय चिखल झाला. पाऊस नाय, पानी नाय, म्या म्हनलं हा चिखल कुठून?"

परतताना केरूभाऊंनी गाडी वळवली. "गाडी हलकीच होती, मनीषाताई. दुसरं काय?"

"गाडी हलकी नव्हती, केरूभाऊ. हलकी केली होती."

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये सगळे जमले. निकम घड्याळ बघत उभे होते. आबिदाबी खुर्चीत होत्या, रिझवान आणि फराज भिंतीशी.

"जोडणी शाबूत आहे," मनीषाने सुरुवात केली. "म्हणजे रिझवान सुटला. वणीपर्यंत गाडी सरळ आली, म्हणजे खुशनुमाचं गणितही बरोबर होतं. जे बदललं ते वणीला. केरूभाऊ, घराच्या मागच्या टोकाला जोर देऊन बसा."

केरूभाऊ बसले. घराची शेपूट खाली गेली, नाकाने लाल गाडीची मागची बाजू वर उचलली.

"आरं तिच्या!" ते म्हणाले.

"ओढायच्या घराचं नाक जरा जड लागतं. ते गाडीच्या पाठीवर टेकतं, म्हणून मागची चाकं रस्ता धरतात. शेपूट जड झाली की उलटं होतं. आबिदाबींना वणीतून निघताना गाडी कुणी उचलून धरल्यासारखी वाटली, ती म्हणूनच. रिझवानच्या व्हिडिओतही शेपूट खाली आहे. आणि शेपटीला आहे काय? पाण्याची टाकी. दोन माणसांच्या वजनाइतकं पाणी. वणीच्या पंपावर कुणीतरी ती भरली."

"मी चहा पीत होतो!" निकम म्हणाले.

"खुशनुमाच्या समोर. त्यामुळे तुम्हीही सुटलात. रिझवान पुढे गेला होता. पंपावर, हवेच्या आणि पाण्याच्या नळीजवळ, एकच माणूस उरला. तोच अपघातानंतर एकटा मागे गेला आणि वाकला. त्यानंतर कोरड्या चारीत चिखल झाला. टाकी धड आहे, तोटी उघडी. पाणी सांडलं नाही, सोडलं गेलं." ती वळली. "फराज, तुम्ही म्हणालात गॅस बघायला गेलो. या घरात गॅस नाही. विजेची शेगडी तुम्हीच बसवलीत."

फराजचा चेहरा पांढरा पडला. त्याने आईकडे पाहिलं आणि मग पाहवेना म्हणून खाली.

"मला वाटलं चढावर गाडी मान टाकेल," तो पुटपुटला. "ही हात टेकेल, घरी येईल. झुलेल हे मला खरंच माहीत नव्हतं. अम्मी जीपमध्ये असणार होती."

"आणि मी?" खुशनुमाने विचारलं.

तो भिंतीपासून पुढे आला. "गल्लीतले रोज मला विचारतात, फराज, अब्बांनी किल्ली तुला का दिली नाही. रोज, खुशनुमा. अठरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली नटबोल्टचे पाने उचलले."

"पाने उचललेस. विचारलं कधीच काही नाहीस. मी विचारायचे." तिचे डोळे कोरडे होते.

निकमांनी घसा साफ केला. "हे तुमच्या घरातलं भांडण. समितीला यात ओढू नका. उद्या काही झालं तर? नाव काढलंय ते काढलंय. फार तर पोलिसांत जा."

खुशनुमा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तो माझा भाऊ आहे. त्याचं काय करायचं ते मी ठरवेन. हे माझं घर आहे, ही माझी गाडी आहे. त्यांचं काय करायचं तेही मीच ठरवेन. रस्ता सरकारचा आहे, साहेब. तुमचा फक्त झेंडा आहे. तो ठेवा तुमच्याकडे."

रविवारी झेंडा फडकला तेव्हा लाल गाडी रांगेच्या शेवटी उभी होती, फेरीच्या नंबराशिवाय. घराचं चेपलेलं अंग तसंच होतं, रंग द्यायला तिने नकार दिला होता. आबिदाबी शेजारी बसल्या, दुखरा खांदा सांभाळत. मागे आपल्या गाडीत मनीषा आणि केरूभाऊ.

दिंडोरी नाक्यावर फराज रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याने हात वर केला, अर्धाच.

"थांबवतेस का?" आबिदाबींनी विचारलं.

"नाही, अम्मी. चढ संपेपर्यंत मी कुणासाठी थांबणार नाही."

तिने गिअर बदलला. हातगडच्या घाटात इंजिन घुमायला लागलं, आणि प्रत्येक वळणावर मागचं घर तिच्यामागून सरळ, निमूट चढत गेलं. वर पोचल्यावर तिने गाडी तलावाकाठी लावली, चाकांना दगड लावले आणि मगच स्टिअरिंगवर डोकं टेकवून मनसोक्त रडली.