बेटावर कुत्रं आलं कुठून?

"एकशे चार!" दुर्बिणीतून डोळे न काढता कावळी म्हणाली. "फक्त एकशे चार चक्रवाक! काल दोनशे दहा होते!"

"मग बाकीचे गेले कुठे?" भोंगा ओरडला.

"हळू!" दोघी मुली एकदम त्याच्यावर खेकसल्या. काठाजवळच्या चार टिबुकल्यांनी पाण्यात बुडी मारली.

कावळीचं रंगरूप कावळ्यासारखं मुळीच नव्हतं. ती दिवसभर सगळ्यांना "का? का?" विचारायची, म्हणून आत्यानं तिला ते नाव ठेवलं होतं. भोंगा तिचा धाकटा भाऊ. त्याला कुजबुजता येत नसे. त्याचं कुजबुजणं पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. तिसरी लंबी, शेजारच्या सुतारकाकांची मुलगी. तेराव्या वर्षीच तिचं डोकं दाराच्या चौकटीला टेकायला आलं होतं.

रविवारी हिवाळी पक्षिगणना होती. आत्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि गणनेची प्रमुखही तीच होती. सुट्टीत रोज सकाळी मोठ्या तळ्यावरचे पक्षी मोजायचं काम तिनं या तिघांवर सोपवलं होतं. दूरदेशाहून आलेले चक्रवाक तळ्यामधल्या बेटावर विसावायचे, कारण चारही बाजूंनी पाणी असल्यामुळे तिथे त्यांना कुणाची भीती नसायची.

"ए, ते बघा!" बांधावर उभी असलेली लंबी म्हणाली. "बेटावर कुत्रं आहे!"

खरंच होतं! झुडपांतून एक तपकिरी कुत्रं हुंगत हुंगत फिरत होतं. क्षणात सगळा थवा केशरी पंख फडफडवत आकाशात उडाला आणि टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. मागे एक चक्रवाक तेवढा राहिला. त्याचा एक पंख लोंबत होता. तो धडपडत पाण्यात उतरला आणि कसाबसा दूर गेला.

कावळीनं दुर्बीण त्याच्यावरच रोखून धरली. "आज वाचला बिचारा. पण झोपेत गाठलं तर?"

"कुत्रं पोहत गेलं असेल," भोंगा म्हणाला.

"मग त्याचं अंग कोरडं का?"

तेवढ्यात कुत्र्यानंच उत्तर दिलं. ते बेटाच्या टोकाला आलं, चिखलाच्या एका अरुंद पट्टीवर चढलं आणि आरामात चालत काठावर पोचलं. आठवड्यापूर्वी ती पट्टी पाण्याखाली होती!

"तळ्याचं पाणी उतरतंय," कावळी सावकाश म्हणाली. "का?"

* * *

बांधाच्या टोकाला पंपघर होतं आणि त्याला लागूनच पाणीखात्याचं ऑफिस. साहेब बुटांसकट पाय हीटरपुढे पसरून चहा पीत होते.

"पाणी उतरतंय? बाष्पीभवन!" साहेब म्हणाले. "शाळेत शिकवत नाहीत का?"

"शिकवतात की. पण एवढ्या थंडीत?" कावळीनं विचारलं.

"बांधाखालून पाणी सोडायची जी मोरी आहे ना, तिचं गेट पक्कं बंद आहे. काका, आहे ना?"

कोपऱ्यात हातमोजे वाळवत बसलेले गेटवाले काका म्हणाले, "अगदी घट्ट, साहेब. गेटचं चाक तसूभरही हलत नाही."

"झालं तर मग! या आता. आणि हो, दार लावून घ्या, गार वारा येतोय."

बाहेर येताच भोंग्यानं पाय आपटला. "आपल्याला हाकललं!"

"हाकलू दे," कावळी म्हणाली. "बाष्पीभवन आहे की नाही, ते आपण पाण्यालाच विचारू."

सुतारकाकांच्या कारखान्यात रंध्याखालून लाकडाच्या कुरळ्या पापुद्र्यांचा ढीग पडत होता. काकांनी मुलींना दोन सरळ पट्ट्या कापून दिल्या. कावळीनं त्यांवर बोटाबोटाच्या अंतरावर लाल रंगाच्या खुणा केल्या. एक पट्टी मोठ्या तळ्यात रोवली. दुसरी रोवली शेजारच्या छोट्या डबक्यात, ज्यातून पाणी बाहेर जायला वाटच नव्हती.

"ऊन दोघांना तेच, वारा तोच," कावळी म्हणाली. "बाष्पीभवन असेल तर दोन्हीकडे सारखंच पाणी उतरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं धावतच आले. डबक्यातलं पाणी नखभरही उतरलं नव्हतं. तळ्यातलं मात्र चार बोटं खाली गेलं होतं!

"साहेबांचं बाष्पीभवन एकाच तळ्यावर रागावलंय वाटतं!" लंबी हसली.

"म्हणजे कुठून तरी गळतंय. चला, बांधापलीकडे!"

पलीकडे मोरीचं तोंड होतं, पण वर्षभरात तिकडे कुणी फिरकलेलं दिसत नव्हतं. पुरुषभर उंच गवत माजलं होतं. लंबी पुढे होऊन गवत बाजूला सारत गेली, आणि थबकली. खळखळ आवाज येत होता. कोरड्या असायला हव्या असलेल्या पाटातून पाणी वाहत होतं, चांगलं घोट्याच्या वर!

"सापडलं!" भोंगा नाचायलाच लागला.

"थांब. हे झऱ्याचं पाणी आहे म्हणाले तर?" कावळी म्हणाली. "तळ्याचंच आहे, हे दाखवायला हवं. लंबे, तुमच्याकडे भुसा किती आहे?"

"हवा तेवढा ने! आई तर रोज त्याच्या नावानं ओरडते."

अर्ध्या तासात भुशानं भरलेलं पोतं आलं. भोंगा पलीकडे पाटाजवळ उभा राहिला. मुलींनी गेटवरच्या लोखंडी पुलावरून ओंजळ ओंजळ भुसा खाली सोडला. तो पाण्यावर पसरला, मग हळूच एका बाजूला सरकला, गोल गोल फिरला आणि भोवऱ्यात गडप झाला. दोघींनी पलीकडे कान लावले.

"आला! आला! भुसा आला!"

भोंग्याची ती आरोळी अख्ख्या तळ्यावर घुमली. आज मात्र त्याला कुणीही "हळू" म्हटलं नाही. उलट पंपघराचं दार उघडलं आणि साहेब, गेटवाले काका दोघंही धावत बाहेर आले. रस्त्यावरून जाणारी आत्यासुद्धा सायकल टाकून बांधावर चढली.

"काय चाललंय काय?" साहेब गरजले.

कावळीनं पट्ट्यांवरच्या खुणा सांगितल्या. मग आणखी एक ओंजळ भुसा सोडला. साहेबांनी तो भोवऱ्यात जाताना पाहिला, पलीकडे जाऊन पाटात तरंगतानाही पाहिला. त्यांचा चेहरा पडला.

"पण चाक घट्ट आहे हो!" गेटवाले काका कळवळून म्हणाले. त्यांनी सगळा जोर लावला, पण चाक जराही फिरेना.

"ते पूर्ण बंद झालं म्हणून घट्ट आहे, की मध्येच कशावर अडलं म्हणून?" कावळीनं विचारलं.

काकांनी चाकावरचे हात काढले आणि खाली पाण्यात डोकावून पाहिलं.

"खाली काहीतरी अडकलं असेल," ती म्हणाली. "गेट आधी थोडं उघडा."

"उघडा?" साहेब किंचाळले. "आधीच पाणी वाहून चाललंय आणि आणखी उघडा म्हणतेस?"

"दारात चप्पल अडकली तर दार लागेल का, साहेब? आधी उघडूनच चप्पल काढावी लागते."

आत्यानं हाताची घडी घालून साहेबांकडे पाहिलं.

"उघडा, काका," साहेब हळूच म्हणाले.

चाक उलटं फिरलं. एक फेरा, दोन फेरे. पाणी घोंघावत मोरीत घुसलं. कावळी पुलावरून वाकून पाण्याकडे पाहू लागली. आपलं चुकलं असेल तर? तळं आपणच रिकामं करत असलो तर?

"ओंडका! एवढा मोठा ओंडका बाहेर पडला!" पलीकडून भोंगा ओरडला.

"बंद करा!" कावळी किंचाळली.

काकांनी चाक गरागरा फिरवलं. या वेळी ते अडलं नाही. पार खाली जाऊन 'खट्' असा आवाज झाला. घोंघावणं थांबलं. पाटातलं पाणी कमी होत होत पुरतं थांबलं. गेटवाले काका तिथेच पुलावर बसले. "महिनाभर मला वाटत होतं, गेट बंद आहे," ते म्हणाले. "एकदाही पलीकडे जाऊन पाहिलं नाही, पोरी. माझंच चुकलं."

"बेटाचं काय पण?" लंबीनं विचारलं. "चिखलाची पट्टी अजून उघडीच आहे. कुत्रं पुन्हा येईल!"

मग मात्र सगळ्यांची धांदल उडाली. सुतारकाकांनी फळ्या आणल्या. दुपारपर्यंत पट्टीच्या तोंडाशी छातीएवढं कुंपण उभं राहिलं. ठोकताना शेवटची फळी धरायला खुद्द साहेब चिखलात उतरले आणि त्यांचा एक बूट तिथेच रुतून राहिला. संध्याकाळी त्यांनी वरच्या तलावातून येणारा पाट तळ्यात सोडला.

शनिवारी चिखलाची पट्टी दिसेनाशी झाली. लोंबत्या पंखाचा चक्रवाक पुन्हा बेटावर बसू लागला.

रविवारी सकाळी धुकं विरायच्या आत पन्नासेक माणसं बांधावर जमली. थापट्या बदकं मोजली, शेकाटे मोजले, चांदवे मोजता मोजता लोकांची दमछाक झाली. बेटावर मात्र तो लोंबत्या पंखाचा चक्रवाक एकटाच होता. कावळी सारखी टेकडीकडे बघत होती.

आधी आवाज आला, दुरून, 'आँग, आँग' असा. मग टेकडीवरून एक रांग आली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी! केशरी पंख उन्हात चमकले. थव्यानं तळ्याभोवती एक मोठा फेरा घेतला आणि सगळेच्या सगळे बेटावर उतरले.

"दोनशे छत्तीस!" तीनदा मोजून कावळीनं सांगितलं. आत्यानं आकडा लिहून घेतला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब घसा खाकरून पुढे आले.

"मी रोज चाक बघत होतो," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "या तिघांनी पाणी बघितलं. दर सोमवारी पलीकडे जाऊन मोरी तपासायची, असा हुकूम मी आज काढलाय. पहिल्या सोमवारी मी स्वतः जाणार आहे."

"आम्ही पण येऊ?" भोंग्यानं विचारलं.

"याच," साहेब म्हणाले. "मी काही विसरलो, तर ओरडायला माणूस हवाच!"